एका मिनिटाचा गुडघा

अंकाच्या संपादकबाईंनी फोनवरच बजावलं, "तुमच्या नोकरीवर लिहा, पण रक्तबिक्त नको हं. लोक चकली खाता खाता वाचतात." म्हटलं, काळजी करू नका. मी गुडघ्यावर लिहिणार आहे, आणि गुडघ्यातनं रक्त कमी आणि पाणीच जास्त निघतं. त्यावर बाईंनी फोनच ठेवला.

सिंगापुरातल्या मराठी कार्यक्रमात नवीन ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला. "कुठल्या बँकेत?" माझा नवरा खरंच रॅफल्स प्लेसला बँकेत होता, त्यामुळे तो पहिल्या फटक्यात पास व्हायचा. मग मोर्चा माझ्याकडे. "आणि वहिनी?" मी म्हणायची, "फुटबॉल क्लबात." "अच्छा, अकाउंट्सला!" "नाही हो, फिजिओ." "म्हणजे खेळाडूंना मालिश?" इथं माझं कोल्हापुरी डोकं सटकायचं. नवरा लगेच माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढायचा, तोंड बंद राहावं म्हणून.

तर एकदाचं सांगून टाकते. फिजिओ म्हणजे मालिशवाली नव्हे. खेळाडू पडला की रेफरीनं हात करेपर्यंत थांबायचं, मग बॅग घेऊन धावायचं आणि पाणी मारता मारता ठरवायचं, हा खेळू शकतो की नाही. तिकडं कोच ओरडत असतो, इकडं खेळाडू खोटं बोलत असतो. पहिल्यांदा बघायचं ते त्याच्या तोंडाकडं. ज्याला खरंच लागलंय तो गप्प असतो आणि गवत मुठीत धरतो. गडबडा लोळतो तो हमखास दोन मिनिटांत पळायला लागतो. आमच्याकडं एक बचावपटू होता, संघ जिंकत असला की त्याच्या पोटरीत गोळा यायचा आणि हरत असला की कधीच यायचा नाही. मी त्याच्या कानात सांगायची, "ऊठ बाबा, टीव्हीवाल्यांनी कॅमेरा वळवलाय." लगेच उठायचा. आणि त्याच्या उलट, लागलेलं लपवणारे. ती जात अवघड. लपवणाऱ्याचा पाय बरा करता येतो, त्याचा स्वभाव बरा करता येत नाही.

या दुसऱ्या जातीतला सगळ्यात मोठा नग म्हणजे आमचा कोच, झ्वोन्को.

क्लब छोटा होता, नाव सांगत नाही. स्टेडियममध्ये खुर्च्या हजारोंनी आणि माणसं शेकड्यांनी, तीही बहुतेक शॉर्ट्समधले म्हातारे अंकल, हातात पिशवीतली कॉफी घेऊन रेफरीला शिव्या घालणारे. मी कोल्हापूरची. आमच्याकडं पेठेपेठेच्या तालमींचे संघ, आणि मॅच असली की निम्मं गाव स्टेडियमवर, उरलेलं निम्मं गच्च्यांवर. माझे आबा, म्हणजे वडील, आमच्या तालमीचे गोलकीपर होते. दिवसभर फाउंड्रीत लोखंड ओतायचे आणि संध्याकाळी गोलात उभे राहायचे. मी गोलच्या मागं बसून बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायची. पोरीनं आत खेळायचं हा विषयच त्या काळी नव्हता. मग मी विचार केला, खेळायला आत जाता येत नाही ना, मग पडलेल्याला उचलायला जाऊ. घरात सांगताना मात्र "मेडिकलसारखंच असतंय" एवढंच सांगितलं.

लग्नानंतर सिंगापूरला निघाले तेव्हा आबा एक शब्द बोलले, "जा." एवढंच. दर रविवारी व्हिडिओ कॉल, त्यात पहिला प्रश्न "किती गोल झालं?" परत कधी येणार, असं आईनं हजारदा विचारलं, आबांनी एकदाही नाही. माझी माडीवरची खोली तशीच पडून होती. धाकटा भाऊ कुरकुरायचा, कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देऊया म्हणून. आबा म्हणायचे, "अडगळ हाय तिथं." विषय संपला.

झ्वोन्को क्रोएशियातला. नव्वदच्या दशकात खेळाडू म्हणून सिंगापूरला आला, खेळणं थांबलं तसा कोच झाला, आणि वुडलँड्सला आमच्याच ब्लॉकच्या मागच्या फ्लॅटमध्ये एकटा राहायचा. पन्नाशीला टेकलेला, दाराच्या चौकटीएवढा उंच, आणि आवाज असा की मैदानावर त्यानं हाक मारली की पलीकडच्या बसस्टॉपवरची माणसं दचकायची. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्याचंही मोडकं, माझंही मोडकं, त्यामुळे भांडण झकास व्हायचं.

त्याचा गुडघा मी कसा पकडला ते सांगते. सिंगापुरात ढग दाटले की विजेचा, म्हणजे वीज पडायच्या धोक्याचा, भोंगा वाजतो आणि सगळ्यांना मैदान सोडून आत यावंच लागतं. असाच एकदा भोंगा वाजला, पोरं धावत आत आली आणि झ्वोन्को पायऱ्या उतरून मागनं आला, खेकड्यासारखा तिरका. जिना तिरका उतरणारा माणूस म्हणजे गुडघा कामातनं गेलेला, डोळे झाकून सांगावं. मी म्हटलं, "कोच, टेबलावर." तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही." आमचे अंकल लिम, म्हणजे संघाचे कपडे, बूट, चेंडू सांभाळणारे म्हातारे गृहस्थ, कपड्यांच्या घड्या घालता घालता त्यांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाले, "इलेव्हन इयर्स ऑलरेडी ही से नथिंग, लाह."

गुडघ्यात दोन हाडांच्या मधे छोटी गादी असते. जुन्या काळी ती फाटली की डॉक्टर सगळीच काढून टाकायचे. झ्वोन्कोच्या डाव्या गुडघ्यातली गादी अशीच काढलेली, आणि त्यानंतर तो दहा-बारा वर्षं खेळला. हाडावर हाड. डॉक्टरनं सांगितलं होतं की गुडघा बदला, आणि तोपर्यंत पळणं बंद. यानं दोन्ही सल्ले कानाआड केले होते. मी रोज सरावानंतर त्याला टेबलावर घ्यायला लागले. मांडीचा स्नायू हा गुडघ्याचा रखवालदार. तो सुकला की गुडघ्याला वाली नाही. म्हणून पाय सरळ ठेवून उचलायचा, धरायचा, खाली. कंटाळवाणं काम. मोठी माणसं कंटाळली की बोलतात, आणि झ्वोन्को त्याच्या गावच्या क्लबबद्दल बोलायचा.

गाव नदीकाठचं, छोटं, विटांच्या कारखान्याचं. क्लब काढला तो विटा पाडणाऱ्या कामगारांनी, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात. मैदान कुठं? तर विटांसाठी माती काढून काढून जो खड्डा झाला होता, त्यात. त्यामुळे गाव वर आणि मैदान खाली. पाऊस झाला की बाहेरगावचे संघ बुडायचे, यांना सवय. मैदानाभोवती भिंत बांधली, तीही नापास झालेल्या विटांची, वाकड्या, जास्त भाजलेल्या. आणि त्या भिंतीची एक रीत पडली. नवा खेळाडू पहिला सामना खेळला की कच्च्या विटेवर खिळ्यानं स्वतःचं नाव कोरायचं, ती भट्टीत भाजायची आणि भिंतीत बसवायची, नाव बाहेर.

"सगळ्यांची नावं?" मी विचारलं.

"सगळ्यांची. एकच मॅच खेळून कसाई झाला त्याचंही. नव्वदच्या दशकातल्या युद्धात गेलेल्या तिघांच्या विटा दरवर्षी चुन्यानं रंगवतात. भिंतीला तोफांचे गोळे लागले, तेव्हा लोकांनी घरं दुरुस्त करायच्या आधी भिंत दुरुस्त केली. बायका ओरडल्या."

मला हे ऐकून बरं वाटायचं. आमच्या पेठेतही घराला गळती आणि तालमीला नवा रंग, हे चालतंच. रविवारी मी आबांना सगळं सांगायची. आबा फोनच्या इतके जवळ यायचे की मला नुसती मिशी दिसायची. "भिंत लई भारी हाय गं," म्हणायचे. "आन् ह्येची वीट कुठं हाय?"

हेच मी झ्वोन्कोला विचारलं. तो पाय खाली ठेवून उठून बसला. "माझी आहे," म्हणाला. "पण नाव आतल्या बाजूला."

मग कळलं. युद्धानंतर कारखाना बंद पडला. घरी आईबाप, दोन बहिणी, आणि पगार कुणालाच नाही. झ्वोन्को क्लबचा सगळ्यात चांगला आघाडीचा खेळाडू. हंगाम संपत आलेला, संघ खालच्या विभागात घसरायच्या बेतात, आणि तेवढ्यात त्याला इकडचं बोलावणं आलं. तो गेला. क्लब घसरला, आणि पुन्हा कधी वर आला नाही. गावात नियम असा की संघाला अडचणीत टाकून गेलेल्याची वीट उलटी बसवायची, नाव भिंतीच्या आत. आणि ती सुलटी करायची एकच वाट. त्यानं परत येऊन त्याच शर्टात, खऱ्या सामन्यात, निदान एक मिनिट खेळायचं.

"आणि ती उलटी कुणी केली माहीत आहे?" तो म्हणाला. "माझ्या बापानं. क्लबचा गवंडी तोच होता. मी पाठवलेल्या पैशातनं भाकरी खाल्ली आणि माझीच वीट फिरवली. फोनवर आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो. मरेपर्यंत विटेबद्दल एक शब्द नाही. त्याच्या अंत्ययात्रेला गेलो, मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो, आत नाही गेलो."

"तेव्हाच खेळायचं होतंस की एक मिनिट!"

"कुणी बोलावलं नाही." बघा, एवढा थोरला माणूस आणि रुसवा शाळकरी पोराचा.

हे झालं आणि काही महिन्यांनी एका सकाळी तो माझ्या खोलीत आला. आपण होऊन टेबलावर चढला, तेव्हाच मला शंका आली. गावाकडनं स्टीपेचा फोन आला होता. स्टीपे म्हणजे तिथला मैदान राखणारा, याच्या बापाचा दोस्त, ऐंशीच्या पुढचा. मैदान विकलं गेलं होतं. क्लब शेजारच्या गावाच्या क्लबात मिसळणार होता. जूनमध्ये गावच्या संताच्या उत्सवाला दरवर्षी एक सामना होतो, तो शेवटचा. त्यानंतर भिंत पाडणार.

"डॉक," तो म्हणाला, "मला एका मिनिटाचा गुडघा दे."

मी साफ नाही म्हटलं. माझं काम गुडघे वाचवायचं, घालवायचं नाही. एक चुकीचं वळण, एक धक्का, की हा माणूस काठीवर. आणि नाव उलटं असेना का, भिंतच पडणार आहे! मग सुलटं काय नि पालथं काय? हे शेवटचं मी मोठ्यांदा बोलले. झ्वोन्को टेबलावरून उतरला. बूट घातले आणि तिरका तिरका जिना उतरून गेला. दिवसभर मला चैन पडेना.

रविवारी आबांना सांगितलं. वाटलं होतं म्हणतील, बरोबर केलंस. ते म्हणाले, "नंदे, पडणारी भिंत हाय म्हणूनच की गं. नाव आत असताना पडली, तर मग कोण सुलटी करणार? खेळू दे त्येला."

"आबा, गुडघा जाईल त्याचा!"

"मग काय तो गुडघा लोणचं घालायला ठेवलाय व्हय?"

शेजारी माझी लेक अभ्यास करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबा सो सॅव्हेज, लाह." कोल्हापूर आणि सिंगापूर एक झालं की मी कोण बोलणारी?

दुसऱ्या दिवशी झ्वोन्कोला अटी सांगितल्या. एकच मिनिट. उडी नाही. टॅकल नाही. डाव्या पायावर वळणं नाही म्हणजे नाही. आणि तोपर्यंत मी सांगेन ते, मी सांगेन तेव्हा. सगळ्याला हो म्हणाला. इतक्या पटकन हो म्हणाला की माझा विश्वासच बसला नाही.

मग सुरू झालं. सकाळी सरकारी तलावात, छातीएवढ्या पाण्यात चालणं, कारण पाण्यात वजन कमी होतं आणि गुडघा कुरकुर करत नाही. एरोबिक्सवाल्या चिनी आज्या आमच्याकडं बघून हसायच्या आणि त्यांच्यातलीच एक त्याला दम द्यायची, "नी अप! नी अप!" मग सायकल, मग खुर्चीतनं एका पायावर उठणं. दोनेक महिन्यांनी रविवारी ईस्ट कोस्टला, समुद्राकाठच्या सपाट रस्त्यावर, हळूहळू पळणं. पहिल्यांदा पळाला तेव्हा म्हशीला दोरी बांधून ओढल्यासारखा पळाला. मी मागनं सायकलवर, ओरडत. मे महिना उजाडेपर्यंत तो जिना सरळ उतरायला लागला. अंकल लिमनी ते पाहिलं आणि त्याच्यासाठी कपाटाच्या तळातनं जुने बूट काढून पॉलिश करून ठेवले. कौतुकाचा शब्द त्यांच्याकडनं कुणालाच मिळायचा नाही, बूट मिळायचे.

आणि सगळं मार्गी लागलंय म्हणेपर्यंत माशी शिंकली.

विमानाला आठवडा राहिला होता. सकाळी त्याचा फोन, "डॉक, जरा येतेस का?" आवाज बारीक. मी गेले. दार उघडं, हा सोफ्यावर, आणि गुडघा पपनसाएवढा. लाल, गरम, टम्म. आणि समोर टीपॉयवर टॉवेलात गुंडाळलेली वीट. हो, वीट! खालच्या मजल्यावर फ्लॅटचं काम चाललं होतं, तिथनं मागून आणलेली, ओव्हनमध्ये तापवलेली.

"काल जास्त पळालो," तो म्हणाला. "थोडी सूज आली. आमच्याकडं सामन्यानंतर सगळ्यांना असंच शेकायचे. माझा बाप शेकायचा."

ताज्या सुजेला बर्फ, हे मी शाळेतल्या पोरांनाही शिकवते. शेक दिला की तिथं आणखी रक्त धावतं आणि सूज दुप्पट होते. कितीतरी महिन्यांची मेहनत या बाबानं एका विटेपायी पाण्यात घातली होती. मी त्याला इंग्रजीत झापलं, ते पुरलं नाही तेव्हा हिंदीत, आणि शेवटी अस्सल कोल्हापुरीत. त्याला एक अक्षर कळलं नाही, पण तो सगळं समजला. आणि मधेच मला हसू फुटलं, कारण माझी आजीही वीट तापवूनच शेकायची. फरक एवढाच की तिची कंबर धरलेली असायची, गुडघा सुजलेला नसायचा. म्हटलं, जगात कोल्हापूर सोडून आणखी एका गावात हा उद्योग चालतो, आणि तिथला माणूस नेमका माझ्याच वाट्याला यावा!

पण हसून भागणार नव्हतं. मी डॉक्टरकडं नेला. त्यांनी सुईनं पाणी काढलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की जणू वीट मीच तापवली. मग बर्फ, पट्टी, पाय उशीवर. निघायच्या दिवशी सूज निम्मी उतरली होती. मी चिकटपट्ट्यांचे तुकडे मोजून कापले, त्यांच्यावर आकडे घातले आणि त्याच्या बॅगेत ठेवले. म्हटलं, "सामन्याआधी फोन कर. मी सांगेन तशा लावायच्या. आणि सकाळी गुडघा गरम लागला, तर खेळायचं नाही. शपथ घे." त्यानं शपथ घेतली. माझ्या डोक्यावर हात ठेवून घेतली, हे मीच त्याला शिकवलं होतं.

सामना तिकडं सकाळी, प्रार्थना आटोपल्यावर होता, म्हणजे इकडं संध्याकाळी, आमच्या सरावाच्या वेळी. आणि नेमका विजेचा भोंगा वाजला. सगळा संघ आत, माझ्या खोलीत. फोन मी पाण्याच्या बाटल्यांना टेकवून ठेवला. पडद्यावर स्टीपेचे सुरकुतलेले हात आणि झ्वोन्कोचा गुडघा. "गरम आहे का?" मी विचारलं. झ्वोन्को म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "तू गप्प. स्टीपेला विचार." म्हाताऱ्यानं तळवा ठेवला, विचार केला आणि मान हलवली. नाही. मग एक नंबरची पट्टी इथनं, दोन नंबरची तिथनं. मी इंग्रजीत सांगायची, झ्वोन्को त्यांच्या भाषेत सांगायचा, म्हातारा गवंड्याच्या सफाईनं लावायचा. मी कितीतरी पोरांना पट्ट्या लावायला शिकवल्या, पण त्याच्याइतक्या सरळ कुणी लावल्या नाहीत.

शेवटचे क्षण राहिले तेव्हा त्याला आत घेतलं. फोन आता स्टीपेच्या नातवाच्या हातात होता. पांढरा शर्ट, विटकरी पट्टा, पोटावर ताणलेला. समोरचे खेळाडू त्याच्या निम्म्या वयाचे, पण कुणी त्याच्या अंगावर गेलं नाही. चेंडू एकदाच त्याच्याकडं आला. आणि काय करावं या माणसानं? डाव्या पायावर वळला! खोलीत वीस माणसं एकदम किंचाळली, सगळ्यात मोठ्यांदा मी. पाय टिकला. त्यानं चेंडू बाजूच्या पोराला दिला, रेफरीनं शिट्टी वाजवली, आणि अंकल लिम म्हणाले, "ओके, फिनिश. कॅन ब्रीद."

मग सगळं गाव भिंतीकडं निघालं. छिन्नी आणि हातोडा तयार होता. स्टीपेनं दोन्ही झ्वोन्कोच्या हातात दिलं. आजूबाजूच्या विटांवर नावं, ही एकच कोरी, पाठमोरी. झ्वोन्कोनं सांध्यात छिन्नी टेकवली, हातोडा उचलला, आणि थांबला.

वीट हलली होती.

त्यानं छिन्नी खाली टाकली. दोन बोटांनी वीट धरली आणि ओढली. ड्रॉवर उघडावा तशी ती बाहेर आली. मागनं पिवळी माती भुरभुरली. स्टीपे काहीतरी बोलला, दोन वाक्यं, त्यांच्या भाषेत. पुढं आम्हाला नुसतं गवत दिसत राहिलं, कारण त्या पोराचा हात खाली गेला होता. "लाइन कट?" कुणीतरी विचारलं. लाइन चालू होती. पलीकडं तो दाराएवढा माणूस मोठमोठ्यानं रडत होता, आणि इकडं आम्ही गवताकडं बघत उभे होतो.

स्टीपे काय म्हणाला ते त्यानं परत आल्यावर सांगितलं. भिंतीतली वीट न् वीट सिमेंटमध्ये बसवलेली आहे. ही एकच बापानं नुसत्या मातीत बसवली होती. त्या दिवशी क्लबचे पुढारी मागं उभे होते, तरी त्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं घमेल्यात माती कालवली. स्टीपेनं विचारलं, हे काय करतोस? तो म्हणाला, पोरगा येईल तेव्हा त्याला त्रास नको.

भिंत पुढच्या आठवड्यात पाडली. ज्याची त्यानं वीट घरी नेली. झ्वोन्कोनं आपली हँडबॅगेतनं आणली. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, "सर, व्हाय ब्रिक?" यानं वीट फिरवून नाव दाखवलं. शेवटी तो म्हणाला, "फॅमिली." सोडलं त्याला. त्याच उन्हाळ्यात त्याचा देश वर्ल्ड कपच्या फायनलला पोचला आणि इथले सगळे अंकल त्याला मिठ्या मारायला लागले. त्याला त्याचं फार काही नव्हतं. वीट टीव्हीवर, नाव बाहेर, आणि खालच्या कडेला चिकटलेली ती पिवळी माती त्यानं पुसू दिली नाही. गुडघा पुढच्या वर्षी बदलला. मी सांगितलं तसा व्यायाम केला नाही, हे सांगायला नकोच. जित्याची खोड.

मी आता क्लब सोडला. लोकांचे खांदे आणि माना बघते, बहुतेक बँकवाल्यांच्याच. पण त्या जूनमधला रविवार सांगून थांबते.

आबा फोनची वाटच बघत होते. गोल किती हे विचारलंच नाही. "विटंचं काय झालं?" मी सगळं सांगितलं. सूज, पट्ट्या, ते वळण, आणि शेवटी माती. आबा फोनच्या आणखी जवळ आले. मग म्हणाले, "बापच त्यो. सिमेंट लावायला हात कसा उठंल?"

मला एकदम काहीतरी आठवलं. म्हटलं, "आबा, माझ्या खोलीत एवढी कसली अडगळ आहे हो?"

त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"कसली अडगळ," ते म्हणाले. "रोज झाडतोय मी ती."